दहाच्या नाण्यातली चूक कशी वाचायची

नाशिक रोडला नोटा छापतात, नाणी मात्र बाहेरून येतात. सरकारी टांकसाळी चार: मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा. नाण्यावरच्या सालाखाली बघा. हिरा असला तर मुंबई, चांदणी असली तर हैदराबाद, ठिपका असला तर नोएडा, आणि काहीच नसलं तर कोलकाता. नाशिकच्या रविवार कारंज्यावर दुकानदाराने परत दिलेल्या सुट्ट्यांत कधीकधी या चारही टांकसाळी एकाच मुठीत येतात.

त्याच मुठीत एखादं स्मारक नाणंही निघतं. चलनातल्या स्मारक नाण्यांची सुरुवात 1964 मध्ये पंडित नेहरूंच्या नाण्याने झाली. पुढे 1999 चं शिवछत्रपतींचं दोन रुपयांचं, त्याच वर्षीचं ज्ञानेश्वर माउलींचं एक रुपयाचं, मग लोकमान्यांचं पाच रुपयांचं. दहा रुपयांत तर इतके प्रकार झाले की लोक नाणं घ्यायलाच कचरू लागले. शेवटी 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावं लागलं की दहाच्या नाण्याचे 14 नमुने निघालेत आणि सगळे चलनात वैध आहेत.

या नाण्यांतली चुकलेली नाणी शोधणारे आपल्याकडे बरेच आहेत. पण चूक म्हणायचं कशाला? आमच्या मते कसोटी एकच. ही चूक टांकसाळीत नेमकी कोणत्या पायरीवर घडली, हे सांगता आलं पाहिजे. पायरी सांगता येत नसेल, तर ते नाणं फक्त खराब झालेलं आहे.

सोप्यापासून सुरू करू. नाणं वर-खाली दोन बोटांत धरा आणि उभ्या अक्षावर फिरवा. आपल्या नाण्यांची मागची बाजूही सरळच दिसायला हवी. ती तिरकी किंवा उलटी दिसली, तर यंत्रात बसवलेल्या दोन ठशांपैकी (नाण्यावर चित्र उठवणाऱ्या साच्यांपैकी) एक आपल्या जागेवरून फिरला होता. शिवछत्रपतींच्या नाण्याला 11 बाजू आहेत, त्यामुळे तिथे जास्त कळतं: पुढचं की मागचं, कोणतं चित्र कोपऱ्यांशी जुळत नाही ते बघितलं की कोणता ठसा फिरला तेही सांगता येतं.

दुसरी चूक संग्राहकांची लाडकी. बाजारात तिला ‘लखी’ म्हणतात. पाडलेलं नाणं ठशालाच चिकटून राहतं, खाली नवी कोरी चकती येते आणि दाब बसतो. त्या चकतीच्या एका बाजूला नेहमीची छाप उठते, दुसऱ्या बाजूला चिकटलेल्या नाण्याचीच छाप उलटी आणि खोलगट उमटते. अक्षरं आरशात पाहिल्यासारखी. लखी घरीही बनवतात: दोन नाणी शिकंज्यात घट्ट दाबायची. पण तसं केलं की दुसऱ्या बाजूचा उठाव चेपतो आणि नक्कल उघडी पडते.

आता दहाचं नाणं. व्यास 27 मिलिमीटर, वजन सुमारे 7.7 ग्रॅम. पिवळं कडं आणि पांढरा मधला भाग आधी वेगवेगळे असतात. छाप उठवणारा जो दाब, त्यानेच धातू पसरतो आणि दोन्ही एकमेकांत अडकतात. म्हणजे कड्यावरची अक्षरं आणि मधलं चित्र एकाच क्षणी उमटतात. मग कोणी तुम्हाला मधला भाग उलटा किंवा फिरलेला असलेलं नाणं दाखवून हजारो रुपये मागितले, तर शांतपणे परत द्या. छाप उठल्यावर कोणीतरी तो भाग ठोकून काढून पुन्हा बसवलाय. मधला भाग मुळात सरकलेलाच असता, तर छाप त्या सरकलेल्या जोडावरून अखंड गेलेली दिसली असती.

आणि एक लक्षात असू द्या. जुनी नाणी विकत घेतो म्हणत रिझर्व्ह बँकेच्या नावाने कोणी शुल्क मागितलं, तर तो फसवतोय. बँकेने 2021 मध्येच तसा इशारा दिला आहे.

नाण्यावरच्या खुणांतून टांकसाळीत काय घडलं ते वाचायची ही रीत या जिल्ह्याला नवी नाही. 1906 मध्ये जोगलटेंभीला क्षत्रप नहपान या शक राजाच्या चांदीच्या 13,000 हून अधिक नाण्यांचा साठा सापडला. त्यातल्या बहुतेक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा आपली छाप मारली होती. ती चूक नव्हे, मुद्दाम केलेलं काम. पण त्याच्या छापेतल्या डोंगराच्या आणि उज्जैन चिन्हाच्या (अधिकच्या खुणेच्या टोकांना चार वर्तुळं) खाली नहपानाच्या चेहऱ्याचे अवशेष दिसतात, म्हणूनच कोण आधी आणि कोण नंतर हे ठरवता आलं. आजच्या दोनदा छाप बसलेल्या नाण्यातही आपण हेच करतो: कोणती छाप खाली, कोणती वर. त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला परमेश्वरीलाल गुप्त यांनी उभी केलेली नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. तिथलं संग्रहालय नव्या संग्राहकाने विकत काही घेण्याआधी बघावं, असं आम्ही आवर्जून सांगू.

चुकलेलं नाणं सापडलं तर घासू नका, चिंचेने तर मुळीच नाही. टांकसाळीची चमक आणि कडेवरच्या बारीक खुणा हाच सगळा पुरावा. वजन करा, दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो घ्या, कुठे मिळालं ते लिहा. आणि त्याच सालाचं, त्याच टांकसाळीचं एक बिनचूक नाणं शेजारी ठेवा. ते दहा रुपयांतच मिळतं.