फळीवरची पावलं

(परिचारिका आणि रुग्णालयांतले समाजसेवा अधीक्षक यांच्यासमोर कोल्हापुरातल्या एका मूर्तिकारानं केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)

नमस्कार. मी भाषण करणारा माणूस नव्हे, त्यामुळं चुकलं-माकलं तर पदरात घ्या. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत आमची तिसरी पिढी गणपती करते. पण आज तुम्ही मला गणपतीसाठी बोलावलेलं नाही. गेलेल्या लेकराच्या हातापायांचे ठसे मी करून देतो, त्यासाठी बोलावलंय. या कामाला बोर्ड नाही, दर नाही. कुणीतरी कुणाला सांगतं आणि फोन येतो.

कुंभाराचा आणि मरणाचा संबंध तसा जुनाच. खांद्यावरचं मडकं आमच्याच घरातनं जातं. तान्ह्या बाळाला मात्र तेही लागत नाही. मोठं माणूस गेलं की आपल्याकडं सगळं ठरलेलं असतं. पंचगंगेवर शेणी रचायला माणसं येतात, पेपरात रक्षाविसर्जनाची वेळ येते, पुढं दहावं, बारावं, भिंतीवर हार घातलेला फोटो. दातही न आलेलं बाळ गेलं तर यातलं काहीच नाही. बाप आणि एखादा मामा दुपट्यात गुंडाळून नेतात, मातीआड करतात आणि तासाभरात परत येतात. आई तोवर दवाखान्यातच असते. ती घरी येईस्तोवर पाळणा ज्याचा त्याला परत गेलेला, झबली-टोपडी कुणाला तरी देऊन टाकलेली. हे कुणी दुष्टपणानं करत नाही. ‘तिच्या डोळ्यापुढं नको’ म्हणून मायेनंच केलेलं असतं. पण पुढं त्या बाईला स्वतःलाच शंका यायला लागते की आपल्याला बाळ झालं होतं ते खरं का? असं एकीनं मला या शब्दांत विचारलंय.

माझं पहिलं काम फसलं होतं, ते आधी सांगतो. आषाढ होता, कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. एक पोरगेलासा बाप दारात उभा राहिला. मला वाटलं, मूर्ती बुक करायला आलाय. तो म्हणाला, ‘काका, पायाचा ठसा घेता येतो का? दोन दिवसांचं आहे.’ मी हसत म्हटलं, ‘बारशाला घेऊन या की.’ तो काही बोलला नाही. बरोबरच्या माणसानं मला हळूच बाजूला घेतलं.

मी शाडूचा गोळा मळून डब्यात घातला आणि गेलो. दवाखान्यात बाळाचं पाऊल त्या मातीत टेकवलं. पाच बोटं, टाच, सगळं स्वच्छ उमटलं. पण शाडू वाळताना आक्रसतो. हे मला माहीत नसेल तर कुणाला असणार? हात मात्र त्या दिवशी माझ्या ताब्यात नव्हते, मी माती जाड ठेवली आणि सावलीत न ठेवता पंख्याखाली ठेवली. आठ दिवसांनी बघतो तर ठसा लहान झालेला आणि टाचेतनं आडवी भेग गेलेली. आई घ्यायला आली तेव्हा म्हटलं, ‘ताई, भेग भरून देतो, कळणारसुद्धा नाही.’ तिनं लगेच दोन्ही हात ठशावर धरले. ‘त्याला आता कुणी हात लावू नका,’ म्हणाली. तशीच घेऊन गेली.

त्यानंतर मी दाताच्या एका डॉक्टरांकडं जाऊन शिकलो. कवळीचं माप घ्यायला ते जी पावडर वापरतात ती अल्जिनेट. समुद्रातल्या शेवाळापासून करतात. पाण्यात कालवली की पिठल्यासारखी होते आणि दोन-चार मिनिटांत खरवसासारखी धरते. पाणी गार घेतलं तर थोडा जास्त वेळ मिळतो. त्यात हात किंवा पाय बुडवायचा, धरलं की अलगद काढायचा आणि त्या पोकळीत प्लास्टर ओतायचं. नखाची कड, तळव्यावरची रेघ, सगळं येतं. प्लास्टर अंगावर थेट कधी लावू नका. ते धरताना तापतं, साठ अंशांच्या आसपास जाऊ शकतं. काही महिने हातात असलेल्या आजारी पोराचा ठसा आईबाप आधीच घेऊन ठेवतात, तिथं तर हे विसरून चालणारच नाही. आणि अल्जिनेटचा साचा ‘उद्या बघू’ म्हणून ठेवता येत नाही. पाणी सुटून तो तासा-दोन तासांत आकसायला लागतो, म्हणून प्लास्टर लगेच ओतायचं. साध्या प्लास्टरपेक्षा डेंटल स्टोन, म्हणजे दाताच्या साच्यात ओततात ते प्लास्टर, कठीण असतं, बोटं मोडत नाहीत.

मूठ मिटलेली असेल तर मिटलेलीच घ्या, उघडायला जाऊ नका. फार आधी जन्मलेलं किंवा पोटातच गेलेलं बाळ असेल तर कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटते. तिथं साचा नको, शाईचा ठसासुद्धा जपूनच. अशा वेळी मी बापाला म्हणतो, तुमचं बोट त्याच्या तळव्याखाली धरा, आणि मोबाइलवर फोटो काढतो. फोटो नंतर ब्लॅक अँड व्हाइट करायचा, म्हणजे अंगावरचे काळे-निळे डाग डोळ्यात येत नाहीत. अमेरिकेत कोलोरॅडोत 2005 साली बाळ गेलेल्या एका आईनं आणि तिच्या बाळाचे फोटो काढणाऱ्या फोटोग्राफर बाईनं मिळून असे फोटो फुकट काढून देणारी संस्थाच उभी केली. आपल्याकडं एवढं नको, वॉर्डातल्या एका सिस्टरला तिचा मोबाइल नीट धरता आला तरी पुष्कळ.

आता ज्यासाठी मी आलो ते. ठसा घ्यायची वेळ काही तासांची असते. तो हवा की नको हे ठरवायला मात्र घरच्यांना वर्ष लागू दे, दहा वर्षं लागू देत. आपण या दोन गोष्टी एकत्र करतो तिथं गडबड होते. आपण विचारतो, ‘ठसा पाहिजे का?’ त्या घटकेला दहातली आठ घरं ‘नको’ म्हणतात, आणि बहुतेक वेळा ते आई म्हणतच नाही, सासूबाई किंवा काका म्हणतात. म्हणून मी विचारायचं बदललं. ‘घेऊन ठेवू का? तुम्हाला दाखवणार नाही. माझ्याकडं राहील. मागाल तेव्हा देईन, नाही मागितलं तर नाही.’ याला माणसं मान हलवतात. त्यालाही नाही म्हणाले, तर मग हात जोडून परत यायचं. चोरून घ्यायचं नाही. ज्यांचं लेकरू, त्यांचा शब्द.

आईला बाळ बघायला लावावं का, मांडीवर द्यावं का, असं तुमच्यातल्या बऱ्याच जणी विचारतात. ते मी सांगणारा कोण. एका बालरोगतज्ज्ञ मॅडमनी मला सांगितलेलं तेवढं सांगतो. 2002 साली इंग्लंडमध्ये एक अभ्यास छापून आला. मृत जन्मलेलं बाळ ज्यांनी हातात घेतलं होतं, त्या आयांमध्ये पुढच्या गरोदरपणात नैराश्य जास्त दिसलं. मग तिथं 2007 मध्ये सूचना निघाली की बाळ बघण्या-घेण्याचा सरसकट आग्रह करू नका. त्यावर पुष्कळ वाद झाला. कारण कितीतरी आयांचा अनुभव उलटा होता, आणि अभ्यासातल्या बायका होत्या मोजक्याच. पण त्याच अभ्यासात वस्तू जपून ठेवल्यानं काही वाईट झाल्याचं दिसलं नव्हतं. मी एवढंच धरून चालतो. ओढायचं नाही, ढकलायचं नाही आणि वस्तू ठेवायची.

ठसा नाही जमला तर काय? तुमच्याच हातात किती गोष्टी असतात बघा. मनगटावरची आईच्या नावाची पट्टी, केसपेपरला लावलेलं वजनाचं कागद, अंगावरचं झबलं. झबलं धुऊ नका. वास जातो आणि तो परत आणता येत नाही. बाळाला केस असतील तर आईला विचारून चिमूटभर कापून कागदाच्या पुडीत ठेवा. ‘जावळ’ म्हणा, दुसरा शब्द नको. जावळ म्हटलं की आजीसुद्धा विरोध करत नाही, तो विधी तिच्या ओळखीचा असतो. आणि दाखला. बाळ दोन तास जगलं तरी त्याच्या जन्माची आणि मृत्यूची अशा दोन्ही नोंदी कायद्यानं होतात, एकवीस दिवसांत. दवाखाना नोंद पाठवतो, पण जन्माचा दाखला आणायला त्या घरातनं कोण जातं? तो कागद आणा म्हणून सांगत जा. एका बापानं तो लॅमिनेट करून गाडीच्या डिकीत ठेवलाय.

मोठं मूल असेल तर वस्तूंचा तोटा नसतो, नासधूस जास्त होते. फोन रिसेट करून भावाला देतात आणि आवाज जातो. आधी आवाज काढून घ्या. हुपरीच्या चांदीचे वाळे मोडून पैसे करतात. त्याचा टाक करून देवघरात ठेवणारीही घरं आहेत, तो ज्याचा त्याचा रिवाज. माझ्या मावशीनं सात वर्षांच्या नातीच्या फ्रॉकांची वाकळ शिवली. सगळे तुकडे चौकोनी कापले, पण एका फ्रॉकचा खिसा तसाच ठेवला. त्यात पेन्सिलीचं टोक होतं, ते तिनं आतच ठेवून वरनं टाके घातले. वाकळीवरनं हात फिरवला की ते बोटाला लागतं.

काही जण म्हणतात, हे सगळं बाहेरचं फॅड आहे, आपल्यात गेलेल्या पोराच्या आठवणी काढत नाहीत. कोल्हापुरात राहून असं कसं म्हणता? शाहू महाराजांचा धाकटा मुलगा, प्रिन्स शिवाजी, 1918 साली शिकारीत गेला. एकोणीस वर्षांचा होता. महाराजांनी कोवळ्या वयात विधवा झालेल्या सुनेला, इंदुमतीदेवींना, सोनतळीच्या कॅम्पवर शिकवायची सोय केली आणि 1920 मध्ये पोराच्या नावानं बोर्डिंग काढलं. त्या बोर्डिंगात राहून शिकलेल्यांची नातवंडं इथं बसलेली असतील. राजानं नाव ठेवलं तर स्मारक, आणि राजारामपुरीतल्या बाईनं झबलं ठेवलं तर तिला डॉक्टरला दाखवा, असं होतं का?

माझ्याकडं एक फळी आहे, छताला लागून. न मागितलेले ठसे तिथं असतात. वर्तमानपत्रात गुंडाळलेले, वर तारीख आणि वहीतला नंबर, नाव नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी गल्लीत शिरायला लागलं तेव्हा गणपती हलवायला सगळे धावले, महिन्यावर चतुर्थी होती. मी आधी फळी रिकामी केली. दोन पाट्या भरल्या. प्लास्टरला पाणी लागलं की ते मऊ पडतं, गणपती काय परत करता येतो. बायको तेव्हा चिडली होती, आता तीच वही सांभाळते.

गेल्या मार्गशीर्षात एक आजीबाई आल्या. सहा वर्षांपूर्वी दवाखान्याच्या जिन्यात मला ‘असलं काही आमच्यात चालत नाही’ म्हणून बोललेल्या. ठेवून घ्यायला बापानं तेवढी मान हलवली होती. मी ओळखलं, त्यांनीही ओळखलं. वहीत नंबर काढून पुडकं खाली घेतलं. म्हटलं, सूनबाईंना विचारलंत का? ‘तिनंच पाठवलंय. तिचे पाय चालंनात इकडं,’ म्हणाल्या. कागद सोडल्यावर ठशावर धूळ दिसली, ती त्यांनी पदरानं पुसली, बोटांच्या बेचक्यांतनंसुद्धा. करंगळीवर थांबल्या. ‘ही आमच्याकडची आहे,’ म्हणाल्या. ‘आमच्यात सगळ्यांची करंगळी अशी आत वळते.’ पैसे विचारले, मी नाही म्हटलं, तर दोन नारळ ठेवले.

घर त्यांचं गंगावेशीत. मी रिक्षाला हाक मारायला बाहेर पडलो, तर त्यांनी थांबवलं. रस्ता खोदलाय, हादरे बसतील, म्हणाल्या. पुडकं पदरात घेऊन उन्हातनं चालतच गेल्या.