तपासणी कर्नलच्या उंबरठ्यावर

पडद्यावरची आज्ञा साधी आहे: नेटवर्क कार्डाचा एमटीयू, म्हणजे एका पॅकेटमधून जास्तीत जास्त किती बाइट पाठवायचे ती मर्यादा, ९००० करायची. लिनक्समध्ये ही आज्ञा वाचते ‘आयपी’ हे साधन आणि अमलात आणतो कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा हार्डवेअर सांभाळणारा गाभा. मग हा आकडा कार्डाला पेलेल का, हे दोघांपैकी कोणी तपासायचे?

साधनातच १५००ची मर्यादा लिहून ठेवली, तर ९००० पेलणाऱ्या कार्डाच्या मालकालाही नकार मिळेल, कारण मर्यादा कार्डागणिक बदलते आणि ती फक्त कर्नललाच ठाऊक असते. पूर्वी कर्नलमध्येही प्रत्येक ड्रायव्हर, म्हणजे एखादे उपकरण चालवणारा कोडचा भाग, आपापली तपासणी करत असे, ४.१० आवृत्तीपासून ड्रायव्हर किमान व कमाल आकडा नोंदवतो आणि तुलना एकाच सामाईक ठिकाणी होते.

शिवाय साधनाला वगळून कोणताही प्रोग्राम थेट सिस्टिम कॉल, म्हणजे कर्नलकडे कामाची मागणी, करू शकतो, त्यामुळे साधनातली तपासणी ही सोय असते, सुरक्षा नव्हे. सप्टेंबर २०१७ मध्ये आलेल्या ४.१३ आवृत्तीत ‘वेटआयडी’ या कॉलमध्ये, प्रोग्रामने दिलेला पत्ता त्याच्याच स्मृतीतला आहे का, हे पाहणारी तपासणी राहून गेली होती. परिणामी सामान्य प्रोग्रामलाही कर्नलच्या स्मृतीत लेखन घडवून आणता येत होते. ऑक्टोबरमध्ये ती चूक दुरुस्त झाली.

कर्नलमध्येही तपासणीचा क्षण महत्त्वाचा असतो. प्रोग्रामच्या स्मृतीतले मूल्य तिथेच तपासून नंतर पुन्हा तिथूनच वाचले, तर मधल्या काळात दुसरा थ्रेड, म्हणजे त्याच प्रोग्रामचा समांतर चालणारा भाग, ते बदलू शकतो. म्हणून आधी एकदाच प्रत घ्यायची, मग तपासायची आणि पुढे तीच प्रत वापरायची.

साधनांना तपासणीचा मोह पडे, त्याला कर्नलची अबोल उत्तरेही कारणीभूत होती. ‘अवैध आर्ग्युमेंट’ एवढ्यावरून कोणाला काय उमगणार? २०१७ मधल्या ४.१२ आवृत्तीपासून कर्नल नेटलिंकच्या, म्हणजे साधन आणि कर्नल यांच्यातल्या संदेशमार्गाच्या, उत्तरासोबत नकाराचे कारणही धाडू शकतो, आणि साधनाने ते फक्त छापायचे असते. साधनाकडे उरते ते लिहिलेले वाचण्याचे काम: आकड्याच्या जागी अक्षरे आली, तर तिथेच थांबवावे.

कर्नलमधली तपासणी मात्र पहिल्या दिवसापासून हवी. फाइल उघडणारा जुना ‘ओपन’ कॉल अनोळखी फ्लॅगकडे, म्हणजे मागणीसोबत दिलेल्या पर्यायाच्या खुणेकडे, मुकाट्याने दुर्लक्ष करतो आणि आज तो कडक केला, तर चालू प्रोग्राम मोडण्याचा धोका आहे. म्हणूनच २०२० मध्ये ५.६ आवृत्तीत, अनोळखी फ्लॅग नाकारणारा ‘ओपनअॅट-टू’ हा वेगळा कॉल आणला गेला.