दहा सेकंद थांबण्याची ताकद

(पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. आज आयांबरोबर इतके वडील आणि आजी-आजोबा आलेत, याचा मला मनापासून आनंद आहे. कारण मला जे सांगायचंय ते एकट्या आईला सांगून भागणार नाही.

ऑटिझम (स्वमग्नता), एडीएचडी (लक्ष टिकवणं, स्थिर राहणं अवघड जाणं), डिस्लेक्सिया (वाचन-लेखनात अडचण) असलेल्या मुलांच्या पालकांना आम्ही थेरपिस्ट दोन सल्ले देतो. मुलाकडे शांतपणे लक्ष द्या, हा पहिला. स्वतःची काळजी घ्या, हा दुसरा, आणि तो बहुतेक वेळा दारापर्यंत सोडायला आल्यावर दिला जातो. माझं म्हणणं असं आहे की ही दोन वेगळी कामं नाहीतच. ज्या आईला रात्रभर झोप नाही, तिला सकाळी सजग राहा म्हणून सांगणं हा तिच्यावर अन्याय आहे.

गोव्यातल्या ‘संगाथ’ संस्थेचं उदाहरण घ्या. तिथे आणि पाकिस्तानात रावळपिंडीला मिळून ६५ ऑटिस्टिक मुलांचा एक अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. घरी जाणारे लोक तज्ज्ञ डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण घेतलेले साधे कार्यकर्ते होते. एकूण १२ सत्रं. पालक आणि मूल खेळत असताना व्हिडिओ काढायचा आणि नंतर पालकांबरोबर बसून तो बघायचा. त्यात शोधायचं काय, तर दोघांचं जिथे जुळलं ते क्षण. पालक मुलाच्या कलाने घेऊ लागले आणि मुलांनी आपणहून संवाद सुरू करण्याचं प्रमाण वाढलं. सगळंच सुधारलं असं नाही. दोघांनी मिळून एकाच गोष्टीत रमण्याचा वेळ उलट कमी झाला, तेही सांगायला हवं. पण आपणहून कुणाशी न बोलणारं मूल संवादाला सुरुवात करतं, ही लहान गोष्ट नाही.

असल्या व्हिडिओत काय दिसतं? समजा, चार वर्षांचा मुलगा फरशीवर बाटल्यांची झाकणं ओळीने लावतोय. आई समोर बसलीय. “हे कुठल्या रंगाचं? सांग ना. लाल ना? लाल म्हण. बरं, किती झाली? मोज बघू.” मुलगा हळूहळू तिच्याकडे पाठ करतो. पुढच्या वेळी तिला सांगायचं: काही विचारू नका. त्याच्यासमोर बसा, एक झाकण हातात धरा आणि मनात दहापर्यंत मोजा. करून बघा, दहा फार लांब वाटतात. आठाच्या सुमाराला तो तिच्या हाताकडे बघतो. मग तिचं बोट धरून ओढतो. तोंडातून शब्द नाही, पण मागणं स्पष्ट आहे. ती त्याच्या वतीने “दे” म्हणते आणि झाकण पुढे करते, “घे, हे घे.” संवाद झाला!

माझ्या दृष्टीने सजग पालकत्व म्हणजे हे दहा सेकंद. आणि ते थकलेल्या माणसाला जमत नाहीत. झोप अपुरी असली, डोक्यात फीचा हप्ता असला, सासूबाई दारातून “हा अजून बोलत नाही का?” असं विचारत असल्या, तर तिसऱ्या सेकंदाला तोंडून प्रश्न सुटतोच. त्यात तिचा दोष नाही.

मुलाचा भडका उडतो तेव्हा तर हे फारच जाणवतं. विसर्जनाची मिरवणूक गल्लीत शिरते, ढोल-ताशे वाजायला लागतात आणि मूल कान दाबून जमिनीवर आडवं होतं. हा हट्ट नाही. हट्ट करणारं मूल मधूनच डोळा उघडून बघतं, आपलं म्हणणं पोचलं की नाही ते. या मुलाला त्या क्षणी तुम्ही दिसतही नसता. त्याला रागवू नका, समजावूही नका. आवाजापासून दूर न्या आणि कमीत कमी बोला. त्याआधी एकच करा: स्वतःच्या दोन्ही पायांचे तळवे जमिनीवर टेकल्याचं जाणवू द्या आणि एक श्वास सावकाश, लांब सोडा. तुमचा आवाज खाली आला की त्यालाही शांत व्हायला मदत होते.

आता वडिलांशी बोलते. “मी मदत करतो” असं म्हणू नका, एक वेळ तुमची ठरवून घ्या. रात्रीचं जागरण आठवड्यातून ठरलेल्या दिवशी तुमचं. त्या रात्री आई दुसऱ्या खोलीत झोपेल, आणि मूल रडलं तरी तिला उठवायचं नाही. आजी-आजोबांनी रोज संध्याकाळचा एक तास घ्यावा, आणि तो घेताना मुलाला काय आवडतं, कशाने बिथरतं हे आधी विचारून घ्यावं. त्या तासात आईने भाजी निवडायची नाही, बरं का. तिने फिरावं, मैत्रिणीशी बोलावं, नुसतं पडून राहावं. तिची ती विश्रांती थेरपीइतकीच गरजेची आहे.

आईला दोष देण्याची सवय जुनीच आहे. १९४३ साली लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने ऑटिझमचं वर्णन केलं. त्यानंतर कितीतरी वर्षं अमेरिकेतले मोठेमोठे तज्ज्ञ सांगत होते की आई मायेने थंड म्हणून मूल असं झालं. १९६४ साली बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जे स्वतः एका ऑटिस्टिक मुलाचे वडील होते, ते खोडून काढलं. आपल्याकडे मात्र “नोकरी केलीस म्हणून”, “मोबाईल दिलास म्हणून” हे आजही ऐकू येतं. घरात कुणी असं बोललं तर नवऱ्याने तिथल्या तिथे थांबवलं पाहिजे. ते काम बायकोवर ढकलू नका.

पैशांचं थोडक्यात. ऑटिझम आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता (म्हणजे डिस्लेक्सियासारख्या अडचणी) २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहेत, त्यामुळे दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढायला लाजू नका. ऑटिझमसाठी केंद्राच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाखापर्यंत आरोग्यविमा मिळतो, आणि त्यात थेरपीच्या खर्चासाठीही तरतूद आहे.

आणि कुणाला सलग काही आठवडे झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, मूल आणि मी दोघं नसलेलो बरं असा विचार एकदा जरी आला असेल, तर आजच घरातल्या एकाला सांगा आणि १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर फिरवा. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. ज्यांना इथे सगळ्यांसमोर विचारायचं नाही, त्यांच्यासाठी मी सभा संपल्यावर थांबणार आहे.