समासातली पेन्सिल

ही दोनशे पानी वही आहे. तिच्या प्रत्येक पानावर पट्टीने पाच रकाने आखले आहेत : प्रसंग, मनात आलेला विचार, भावना, त्या विचाराच्या बाजूचा व विरुद्धचा पुरावा आणि नव्याने मांडलेला विचार. वही लिहिणाऱ्या बाई पंचवटीत राहतात आणि नैराश्यावर उपचार घेत आहेत. चेहरा दाखवू नये अशी त्यांची अट असल्याने या माहितीपटात आपल्याला त्यांचे हातच दिसतील. मैत्रिणीने फोन उचलला नाही, हा प्रसंग. ‘मी कोणालाच नको आहे’, हा विचार. दुःख, शंभरपैकी ८०. पुराव्याच्या रकान्याशी पेन्सिल बराच वेळ थांबते आणि मग लिहिते, की सोमवारी तिनेच आपणहून फोन केला होता. शेवटच्या रकान्यात ८०चे ४५ होतात.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६०च्या दशकात विकसित केलेल्या कॉग्निटिव्ह थेरपीतली, म्हणजे मनातले विचार तपासून बदलायला शिकवणाऱ्या उपचारपद्धतीतली, ही रीत बाईंना एका स्वमदत पुस्तकात सापडली. खाकी कव्हर घातलेले ते पुस्तक त्या दर भेटीला डॉक्टरांकडे नेतात आणि जिथे अडले, तिथे समासात फुली करतात. “ताई, हे उदाहरण तुमचं नाही, ते सोडून द्या,” असे म्हणून डॉक्टर दोन पाने उलटतात.

आता आपण नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात आहोत. हे वाचनालय १८४० साली स्थापन झाले. ब्रिटनमधील कार्डिफ येथे २००३ साली, औषधाच्या चिठ्ठीसारखी पुस्तकाची चिठ्ठी देण्याचा उपक्रम सुरू झाला. तज्ज्ञांनी निवडलेले पुस्तक रुग्णाने ती चिठ्ठी दाखवून वाचनालयातून न्यायचे. पावणेदोनशे वर्षांहून जुने वाचनालय ज्या गावात आहे, तिथे अशी चिठ्ठी का चालू नये, हे आम्हाला तरी समजलेले नाही.

पदपथावरच्या पुस्तकांच्या या ढिगात मात्र निवड करणारे कोणी नाही. आठवड्याभरात चिंता घालवण्याची हमी देणारे मुखपृष्ठ सर्वांत वर असते. अशाच एका पुस्तकात गोळ्यांना कुबड्या म्हटलेले वाचून बाईंनी त्या परस्पर बंद केल्या होत्या, आणि पुढचा महिना फार वाईट गेला. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि त्या थांबवायच्या झाल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने, बहुधा हळूहळू कमी कराव्या लागतात. तातडीच्या मदतीसाठी टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक पडद्यावर खाली दिला आहे.

पुढच्या भेटीपर्यंत एकच प्रकरण वाचायचे, असे डॉक्टरांनी पानाच्या कोपऱ्यात लिहून दिले आहे. भेट गुरुवारी आहे.