मुक्ताचा निबंध आणि आपलं वसतिगृह

(वसतिगृहातील विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रमैत्रिणींनो, शिक्षणाचं महत्त्व सांगायला मी आलेलो नाही. ज्यांच्या घरातून पहिल्यांदाच कुणी कॉलेजची पायरी चढलंय, त्यांना ते माझ्यापेक्षा जास्त कळतं. मला बोलायचंय एका शाळकरी मुलीच्या निबंधाबद्दल.

१८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात हा निबंध दोन अंकांत छापून आला. लिहिणारी मुक्ता साळवे, मांग समाजातली, जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेली. विषय मांग-महारांचं दुःख. त्यातली ‘ज्ञानरूपी औषध घ्या’ ही ओळ तुम्ही फलकांवर वाचली असेल. जयंतीला ती हमखास दिसते. पण ती ओळ निबंधाच्या शेवटाकडे येते. त्याआधी काय आहे, ते फलकावर कुणी लिहीत नाही.

त्याआधी आरोपपत्र आहे. वाड्यांच्या पायात तेल-शेंदूर पाजून आमच्या माणसांना गाडलं, असं ती लिहिते. तालीमखान्यासमोरून आमच्यातला कुणी गेला तर त्याचं डोकं उडवायचे आणि गुलटेकडीच्या मैदानात त्याचा चेंडू करून तलवारीच्या दांडूने खेळायचे. आमच्यातल्या कुणी चार अक्षरं वाचली आणि ते बाजीराव पेशव्याच्या कानावर गेलं, तर तो काय म्हणे? हे शिकले तर ब्राह्मणांनी काय धोकटी बगलेत मारून विधवांच्या हजामती करत हिंडायचं? आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परसुद्धा नसतं, थंडीपावसात त्यांचे काय हाल होतात, हेही ती लिहिते. आणि मग थेट देवालाच विचारते: वेद वाचायचा अधिकार आम्हाला नसेल, तर आमचा धर्म तरी कोणता?

पेशवाई जाऊन तेव्हा चाळीस वर्षंही झाली नव्हती. ज्यांनी ते दिवस पाहिले, अशी माणसं पुण्यात हयात होती. आपल्याच शहराच्या कालपरवाच्या सत्तेबद्दल ही पोर हे छापून आणते! निबंधस्पर्धेत आज कुणी असं लिहिलं तर ‘भाषा संयमित हवी’ असा शेरा मिळेल, बक्षीस नाही.

शिक्षणाने माणूस मुक्त होतो म्हणतात, त्यातली मुक्ती मला या निबंधात दिसते. मुक्ताला नोकरी लागली नव्हती, वस्तीतलं घर सुटलं नव्हतं. फक्त जे सोसलं त्याला नशीब न म्हणता, ते कुणी केलं हे तिला लिहिता आलं.

अर्थात, रिकाम्या पोटी असं लिहिणं होत नाही, आणि राहायला जागा नसेल तर शाळेचं दार उघडं असून उपयोग काय? जोतिरावांनी १८८२ साली शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे पैशाचा मुद्दा मांडला की रयतेच्या घामातून वसूल झालेला पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतोय, प्राथमिक शाळा मात्र ओस. पुढे कोल्हापुरात शाहू महाराजांनी नुसत्या शाळा काढल्या नाहीत, १९०१ पासून वसतिगृहं काढली. १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघालं. सक्तीच्या मोफत शिक्षणाचा हुकूम त्यानंतरचा, १९१७ चा. मला हा क्रम महत्त्वाचा वाटतो.

साताऱ्यात भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत जेवायची. रेशन संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. कर्मवीरांचं नाव सगळे घेतात. स्वयंपाकघर मात्र या बाईंनी चालवलं, हे आपण भाषणात एका वाक्यात उरकतो. मीही आत्ता तेच केलं.

त्याच साताऱ्यात भीमराव आंबेडकर शाळेत बसायला घरून गोणपाट नेत. शिपायाने नळ सोडला तरच पाणी. शिपाई नसला तर तहानलेलं राहायचं. त्याच भीमरावांनी १९५० साली औरंगाबादला कॉलेज काढलं. परिसराला नाव दिलं नागसेनवन. ‘मिलिंदप्रश्न’ या बौद्ध ग्रंथात उत्तरं देणारा भिक्खू तो नागसेन. कॉलेजला मात्र नाव दिलं मिलिंदचं, म्हणजे प्रश्न विचारणाऱ्या राजाचं.

आता आपल्याकडे या. शिष्यवृत्तीचा हप्ता परीक्षा उलटून गेल्यावर येतो. तोवर मेसवाला वही पुढे करतो, कॉलेज फीसाठी निकाल अडवतं. जातीच्या दाखल्याच्या व्हॅलिडिटीसाठी, म्हणजे पडताळणीसाठी, आजोबांच्या शाळेचा दाखला शोधत पोरं तालुक्याला खेटे घालतात. यात वर्ष जातं, आणि मुख्य म्हणजे वाचायची, वाद घालायची उमेद जाते. मग मुलगा म्हणतो, ‘सर, प्रश्न विचारून काय करू, गाईड द्या.’ त्याला मी दोष देत नाही. पण गाईड पाठ करून पास झालेला आणि पुढे साहेब झालेला आपलाच माणूस त्याच खिडकीआड बसून नव्या पोराला ‘उद्या या’ म्हणतो, हेही मी पाहिलंय. शिक्षण मिळालं, पगार मिळाला. मुक्ताने जे कमावलं होतं ते काही मिळालं नाही.

इथे प्राध्यापक मंडळी बसली आहेत, त्यांना एक विनंती. पहिल्या वर्षाला ‘माझा आवडता ऋतू’ लिहायला देऊ नका. पोरांना आपापल्या वस्तीबद्दल लिहू द्या: पाणी कुठून येतं, स्मशानाची जागा कुणाच्या नावावर आहे, आईला शाळेतून कोणत्या इयत्तेत काढलं आणि का. शुद्धलेखनाचे गुण कापू नका. माहिती चुकली तर जरूर कापा. आणि त्यातला एखादा निबंध कॉलेजच्याच विरोधात गेला, तर तोही वार्षिक अंकात छापा.