पाण्यावरची रेघ

(पहाट. मालवणचा किनारा. मागे सिंधुदुर्ग किल्ला.)

होडी पाण्यात अर्धगोल फिरून परत आली, की रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी ओढायच्या जाळ्याची, दोन टोकं किनाऱ्याला लागतात. इकडे वीसेक माणसं, तिकडे तेवढीच. दोर ओला, टाचा वाळूत रुतलेल्या. ओढणाऱ्यांत शाळकरी पोरं आहेत, सत्तरी ओलांडलेले आजोबा आहेत. बायका टोपल्या घेऊन कडेला बसल्यात. दोन्ही रांगा एकमेकींच्या जवळ सरकत जातात. याला वेळ लागतो. आम्हीही चित्रीकरणात तो कापलेला नाही.

(जाळ्याची खोळ वाळूवर येते.)

बांगडा थोडा, पेडवे बरेच, शेवाळ भरपूर आणि एक प्लॅस्टिकची चप्पल. वाटे इथंच वाळूवर पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, आणि दोराला ज्याचा हात लागला त्याचाही.

रापण किनारा सोडून जाऊ शकत नाही. मासा तिच्याकडे यावा लागतो. आता हे दुसरं जाळं बघा.

(रत्नागिरी, मिरकरवाडा बंदर. नौकेवर रचलेलं पर्ससीन जाळं.)

आजीच्या कमरेचा बटवा आठवतो? नाडी ओढली की तोंड बंद. पर्ससीन म्हणजे तोच बटवा, फक्त शेकडो मीटर लांबीचा. तांडेल, म्हणजे नौकेचा प्रमुख, पाण्याचा रंग बघून थवा हेरतो. नौका त्याच्याभोवती गोल फिरते आणि जाळ्याची उभी भिंत पाण्यात सोडते. वरच्या काठाला बोये, खालच्या काठाला जड कड्या, कड्यांतून ओवलेला दोर. विंच फिरलं, दोर ताणला गेला, की भिंतीचा तळ मिटतो. तारली असो, बांगडा असो, अख्खा थवा आत. वर उडी मारून सुटतील तेवढेच सुटतात.

हा सगळा उद्योग परवान्याने चालतो. रापणही आणि पर्ससीनही.

(कागदाचा जवळून घेतलेला शॉट.)

महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, 1981. किनाऱ्यापासून 12 सागरी मैल, म्हणजे साधारण 22 किलोमीटर, हे पाणी राज्याचं. त्यात मासेमारी करायची तर नौकेची नोंदणी हवी आणि परवाना हवा. परवाना नुसत्या नौकेला नसतो, तो जाळ्याच्या प्रकारालाही असतो. गिलनेटच्या, म्हणजे मासा आसांत अडकवणाऱ्या उभ्या जाळ्याच्या, परवान्यावर पर्ससीन चालवली तर तो गुन्हा. समुद्रात जाताना बंदरावर टोकन घ्यायचं, परतल्यावर नोंद करायची. डिझेलवरच्या कराचा परतावाही याच कागदांवर मिळतो.

कागद बघताना कारभार चोख वाटतो. भांडण सुरू झालं ते पर्ससीन जाळी वाढल्यावर. पारंपरिक मच्छीमारांनी मोर्चे काढले, निवेदनं दिली. सरकारने भारतीय मत्स्य सर्वेक्षण संस्थेचे माजी महासंचालक डॉ. व्ही. एस. सोमवंशी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीचा अहवाल 2012 मध्ये आला, आदेश निघाला 5 फेब्रुवारी 2016 ला. मधली वर्षं कुठं गेली, हे मंत्रालयाच्या जिन्यांना ठाऊक.

(नकाशा. गुजरात सीमेजवळच्या झाईपासून गोवा सीमेजवळच्या बांद्यापर्यंतची किनारपट्टी.)

आदेश मात्र नेमका होता. नवीन पर्ससीन परवाने बंद. असलेले 494 परवाने टप्प्याटप्प्याने 262 वर आणि शेवटी 182 वर आणायचे. झाई ते मुरुड या पट्ट्यात पर्ससीनला पूर्ण मनाई. मुरुडच्या दक्षिणेला परवानगी, पण ठरवून दिलेल्या खोलीच्या पुढेच, आणि तीही सप्टेंबर ते डिसेंबर. जाळ्याचा आस, म्हणजे जाळीचं भोक, 25 मिलिमीटरपेक्षा बारीक नको.

नकाशावर रेघ सरळ दिसते. पाण्यावर ती कुणी मारायची?

(रात्र. मालवणच्या किनाऱ्यावरून. क्षितिजावर दिव्यांची रांग.)

हे शहर नाही. नौकेवर जनरेटर, जनरेटरवर एलईडीचे झोत. उजेडाला बारीक मासळी येते, तिच्यामागे मोठी येते, मग भोवती जाळं पडतं. बऱ्याचदा दिव्यांची नौका वेगळी आणि जाळ्याची वेगळी असते. केंद्राने 2017 मध्ये 12 मैलांपलीकडेही एलईडी मासेमारीला बंदी घातली आहे. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या रापणकराला ते दिवे नुसत्या डोळ्यांनी दिसतात. गस्तीनौका पोचेपर्यंत मात्र ते विझलेले असतात.

पूर्वी पकडलेल्या नौकेचा खटला तहसीलदारांपुढे चाले. दंड मासळीच्या किमतीच्या पटीत, म्हणजे मासळी कमी दाखवली की दंडही आटला! 2021 मध्ये कायदा बदलला. आता मत्स्यव्यवसाय विभागाचे सहायक आयुक्तच निवाडा करतात. विनापरवाना पर्ससीनला 1 ते 6 लाख, एलईडीला 5 ते 20 लाख रुपये दंड.

(ड्रोन उडतो. वरून दिसणाऱ्या नौका.)

जानेवारी 2025 पासून हा पहारा. राज्याच्या किनाऱ्यावर नऊ ड्रोन, चित्र थेट नियंत्रण कक्षात. वरून नौकेचा क्रमांकही वाचता येतो आणि डेकवर कुठलं जाळं आहे तेही कळतं. चोरी आणि पुरावा एकाच चौकटीत मिळण्याची ही पहिलीच सोय.

(मिरकरवाडा. डेकवर जेवणारे खलाशी.)

पर्ससीनवाल्यांचंही म्हणणं आहे. कर्ज बारा महिन्यांचं आणि हंगाम चार महिन्यांचा. खलाशांत नेपाळहून आलेली पोरं बरीच. नौका बांधून पडली की ती गावी परततात.

(मासळी लिलाव. पापलेटच्या पिल्लाशेजारी मोजपट्टी.)

पापलेट हा 2023 पासून महाराष्ट्राचा राज्यमासा. त्याच वर्षी 54 जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरली. पापलेटला 135 मिलिमीटर. पट्टीवर बघा, हे पिल्लू किती भरतंय. टोपलीत याच्यासारखी आणखी किती आहेत, ते कॅमेरा दाखवतोच आहे.

(जून. पाऊस.)

1 जून ते 31 जुलै बंदी. होड्या वर ओढून झापांखाली ठेवल्यात. जाळी पडवीत आली, फाटलेले आस विणून होतायत. झाप बाजूला सारून एक जण होडीच्या कडेला बसलाय. हातात पांढऱ्या रंगाचा डबा. गेल्या वर्षीचा नोंदणी क्रमांक खारं पाणी लागून पुसट झालाय. पहिलं अक्षर त्याने गिरवलं, मागे सरकून बघितलं, आणि पुन्हा गिरवलं.