वीणा, मृदंग आणि चोप : दिंडीचं भजन कोण चालवतं?

ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी आळंदीतून निघते. पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. रथापुढे 27 दिंड्या, रथामागे त्याहून कितीतरी जास्त, आणि प्रत्येक दिंडीचं भजन स्वतंत्र. हातवारे करून ताल देणारा म्होरक्या कुठेच दिसत नाही. मग एवढे गळे आवरतं कोण?

1685 साली तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी ज्ञानोबा आणि तुकोबा, दोघांच्याही पादुका एकाच पालखीतून नेण्याची प्रथा घातली. आळंदीचा स्वतंत्र सोहळा उभा केला तो एकोणिसाव्या शतकात साताऱ्याकडच्या आरफळच्या हैबतबाबांनी. ते ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार होते. सोहळ्याची शिस्त पाहिली की ते लक्षात येतं. घोडे आणि तंबू अंकलीच्या शितोळे सरकारांनी दिले. माउलींचे अश्व आजही त्यांच्याकडूनच येतात.

आता एक दिंडी जवळून पाहू. पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या रांगा, रांगांच्या मधोमध मृदंग, त्यामागे विणेकरी, शेवटी तुळशीवृंदावन आणि हंडे घेतलेल्या बाया. चाल म्हणणारा अभंगाचा चरण उचलतो, बाकीचे तो झेलतात. लांबलचक ताना घेणारा गवई इथे अडचणीचा. मागच्यांना चरण कुठे उचलायचा तेच कळत नाही, आणि पावलं रेंगाळतात.

मृदंग मधे असतो त्याला कारण आहे. आवाजाला 34 मीटर जायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. रांगा लांबल्या की टोकाच्या टाळकऱ्याला थाप उशिरा ऐकू येते, तो उशिरा टाळ मारतो, त्याचा टाळ ऐकून शेजारचाही मागे पडतो. मागच्या दिंडीचे टाळ कानावर आले, तर गोंधळ आणखी वाढतो. यावर उपाय दोनच: रांगा आवळायच्या आणि दोन दिंड्यांत अंतर राखायचं.

आषाढातली हवा मृदंग्याची परीक्षा घेते. पावसात कातडं ओल धरून सैल पडतं, स्वर उतरतो; मग वादीखालचे, म्हणजे चामड्याच्या पट्ट्यांखालचे, लाकडी गठ्ठे हातोडीने ठोकून ताण वाढवायचा. ऊन पडलं की उलट: कातडं ताणतं, स्वर चढतो, आणि धुमेवर, म्हणजे मृदंगाच्या डाव्या तोंडावर, लावलेली कणीक वाळून तडकते. कणीक सैल भिजवली तर चालता चालता गळून पडते, फार घट्ट असली तर नीट चिकटत नाही. म्हणून मृदंगी पिठाची पुडी जवळ बाळगतो, आणि मृदंगाला प्लास्टिकचं आवरणही.

वीणा मात्र जमिनीवर टेकवायची नाही. विणेकरी दमला की ती थेट दुसऱ्याच्या गळ्यात जाते. भजनात मान वीणेचा, पण लय मृदंगाच्या हातात. कोणता अभंग घ्यायचा, हेही कुणा एकाच्या लहरीवर नसतं. वाराचे, म्हणजे त्या त्या वारी म्हणायचे, अभंग आणि त्यांचा क्रम ठरलेला असतो. त्यामुळे वेगवेगळ्या गावांची माणसं तालमीशिवाय एका रांगेत उभी राहू शकतात.

मुक्कामी समाजआरतीला सगळ्या दिंड्या गोलाकार उभ्या राहतात. चोपदार चोप, म्हणजे हातातला मानाचा दंड, उंचावतो, टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार आहे तिने टाळ वाजवत राहायचं. चोपदार तिथे जाऊन ऐकून घेतो: क्रम मोडला, जागा मिळाली नाही, कुणी मधेच घुसलं. मग हरवलं-सापडलं आणि उद्याच्या निघण्याची वेळ पुकारली जाते. ध्वनिक्षेपक आल्यावरही ही पद्धत टिकली. तक्रारदाराला आपली जागा दाखवण्याची याहून सोपी रीत सापडलेली नाही.

फडांची, म्हणजे वारकऱ्यांच्या परंपरागत गटांची, सूत्रं बहुधा घराण्यात राहतात, हैबतबाबांच्या वंशजांकडेही सोहळ्याच्या मालकीचा मान आहे. पण फडप्रमुखाचं निम्मं काम गाण्याचं नसतंच. माणशी भिशी, म्हणजे वाटेतल्या खर्चाची वर्गणी, गोळा करणं, राहुट्यांचा ट्रक पालखीच्या आधी पुढच्या तळावर पोचवणं, पाण्याच्या टँकरची सोय लावणं. ट्रक वाटेत अडकला, तर त्या रात्री दिंडीला ना निवारा, ना जेवण. आणि पहाटेच्या काकड्याला उभं राहणारे गळे तेच असतात.